निष्ठेचा जमाखर्च

कापूस विकून पैसा हाती येईपर्यंत किराण्यापासून लग्नाच्या बस्त्यापर्यंत सारे उधारीवर देणारा दुकानदार आणि पैसा येताच अन्य दुकानाची पायरी न चढता त्याच्याच पेढीवर हिशेब चुकता करणारा शेतकरी, असा परस्परविश्वासाचा व्यवहार घाटंजीसारख्या कापसाच्या तालुक्यात ज्याने लहानपणापासून पाहिला आहे, त्या वाणिज्य शाखेच्या पदवीधराला 'लॉयल्टी प्रोग्राम'ची परीक्षा परकी वाटण्याचे काहीच कारण नाही. दुकानदाराला गिऱ्हाईक तोंडओळखीने ठाऊक असे. लाखो ग्राहकांच्या कंपनीला ते शक्य नाही. म्हणून अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली प्रवाशांच्या मैलांची नोंद ठेवून त्यांना मोफत प्रवास देण्याची योजना काढली, आणि १९९१ साली अंधेरीत उघडलेल्या शॉपर्स स्टॉपने पुढे 'फर्स्ट सिटिझन' या नावाने आपल्या गिऱ्हाइकांना सभासद करून घेतले. अशा योजनांचा हिशेब आता सॉफ्टवेअर ठेवते. १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोत स्थापन झालेल्या सेल्सफोर्स या कंपनीचे 'लॉयल्टी मॅनेजमेंट' हे त्यांपैकीच एक असून, ते उभारून देणाऱ्यांच्या ज्ञानाची परीक्षा घेऊन दाखला देण्याची प्रथाही तिने पाडली आहे.

या परीक्षेचा अभ्यास म्हणजे पडद्यावरील बटणांची नावे पाठ करणे, असा समज सर्वत्र आढळतो आणि तोच उमेदवाराला बुडवतो. वस्तुतः येथे मूळ विषय जमाखर्चाचा आहे. सभासदाचा प्रत्येक व्यवहार प्रथम 'ट्रान्झॅक्शन जर्नल'मध्ये जसा घडला तसा उतरतो, म्हणजे ती किर्द झाली; त्यावर नियम लागू होऊन पॉइंटांची जमा वा नावे 'लेजर'मध्ये पडते, म्हणजे ती खतावणी. पॉइंटही दोन जातींचे: एकाने सभासदाची श्रेणी, म्हणजे सिल्व्हर की गोल्ड, ठरते, दुसरा खर्चून बक्षीस घेता येते. हा भेद ज्याच्या मनात पक्का नाही, त्याची पुढची सारी उत्तरे डळमळतात.

एक उदाहरण कागदावर मांडून पाहावे. शंभर रुपयांना एक पॉइंट या दराने एका सभासदाने दहा हजारांचा माल घेतला व शंभर पॉइंट मिळवले. त्यांतले ऐंशी खर्चून भेटवस्तू नेली. आणि आठवड्याने चार हजारांचा माल परत केला. आता चाळीस पॉइंट रद्द व्हावयाचे, पण शिल्लक अवघी वीस. उणे शिल्लक राहू द्यावी काय, पुढील खरेदीतून वसूल करावी काय, आणि दरम्यान मिळालेली श्रेणी कायम राहते काय? प्रत्यक्ष कामात असे प्रसंग नित्य येतात, आणि अशा प्रश्नांवर ज्याने अगोदर विचार केला आहे त्याला परीक्षेतील बहुपर्यायी प्रश्नांचे भय वाटत नाही. न खर्चलेला पॉइंट हे कंपनीवरील देणेच असते; १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या 'इंड एएस ११५' या लेखामानकानुसार विक्रीच्या रकमेचा तेवढा अंश, पॉइंट वापरले जाईपर्यंत किंवा त्यांची मुदत सरेपर्यंत, उत्पन्नात धरता येत नाही. मुदतीचे नियम इतक्या काटेकोरपणे का अभ्यासावेत, हे यावरून उमगावे.

सरावासाठी पैसे खर्चण्याची गरज नाही. 'ट्रेलहेड' या सेल्सफोर्सच्याच शिकवणीच्या संकेतस्थळावर धडे विनामूल्य आहेत. आठवड्यातून एक लहानशी योजना, गावातल्या एखाद्या कापड दुकानाची कल्पून, सभासदनोंदणीपासून पॉइंट संपेपर्यंत स्वतः मांडावी. वाचनापेक्षा त्याने अधिक कळते. मात्र 'हमखास येणारे प्रश्न' म्हणून 'डम्प' नावाने जे संच विकले जातात, त्यांच्या वाटेस जाऊ नये. ते नियमबाह्य आहेत, आणि उघडकीस आल्यास मिळालेला दाखलाही रद्द होऊ शकतो. विश्वासाच्या हिशेबाची परीक्षा चोरीच्या प्रश्नांवर उत्तीर्ण होणे मला तरी लाजिरवाणे वाटते.

शुल्क भरण्यापूर्वी परीक्षेचे चालू अभ्यासपत्रक सेल्सफोर्सच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे, आणि घरून परीक्षा द्यावयाची असल्यास कॅमेरा, वीज व इंटरनेट यांची खातरजमा आदल्या दिवशीच करून ठेवावी.