दोनदा बरखास्त झालेले पक्षिनगर

प्रौढांसाठी काढलेली व्यंगचित्रमालिका म्हटली, की अमेरिकन प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे एक स्थूल, आळशी बाप आणि त्याचा मूर्खपणा निस्तरणारी सोशिक गृहिणी उभी राहते. 1989 साली सुरू झालेल्या ‘द सिम्पसन्स’ने पाडलेली ही वहिवाट पुढच्यांनी इतक्या निष्ठेने चालवली, की तिशीतल्या दोन मैत्रिणींना, त्याही पक्षिणींना, नायिकापद बहाल करणे हे एक धाडसच ठरावे. ते लीसा हॅनावॉल्ट यांनी 2019 साली ‘टुका अँड बर्टी’त केले.

कॅलिफोर्नियातील पालो आल्टोत वाढलेल्या हॅनावॉल्ट मूळच्या चित्रकथाकार. राफेल बॉब-वॅक्सबर्ग या शाळासोबत्याच्या ‘बोजॅक हॉर्समन’मधील पशुमुखी माणसांना रूप दिले ते त्यांनीच, परंतु तेथे त्यांचा अधिकार रूपापुरता होता, येथे मात्र कथेची मुखत्यारीही त्यांच्याकडे आली. टुका ही टूकन, म्हणजे आपल्या धनेशासारखी अवाढव्य चोच मिरवणारी (नाते मात्र दूरचे), बेधडक, उधळी आणि दारू सोडलेली. बर्टी ही कस्तुराच्या जातकुळीतील, नोकरी इमानाने करणारी, पाकशाळेत केक भाजण्याची स्वप्ने पाहणारी आणि क्षुल्लक प्रसंगी धास्तावणारी. टिफनी हॅडिश आणि ॲली वाँग यांनी त्यांना आवाज दिले.

या मालिकेचे खरे सामर्थ्य मला संवादांपेक्षा चित्रांत दिसते. कचेरीतील एक कोंबडा बर्टीशी लघळपणा करतो, तेव्हा तिचा एक स्तन संतापून अंगावेगळा होतो आणि मालकिणीला तेथेच सोडून थेट मद्यालयाची वाट धरतो! प्रसंग अचरट खराच; परंतु अपमानित स्त्रीला आपलाच देह परका वाटू लागतो, हे एखाद्या गंभीर नाटकाला अंकभर शब्द वेचूनही जमले नसते, ते येथे काही क्षणांत साधते. पुढे पीट नावाचा एक नामांकित पेंग्विन-पाकशास्त्री शिकवण्याच्या मिषाने बर्टीचे डोके वाफाळत्या भांड्यावर दाबून धरतो; तिला त्याची भीती वाटते आणि ओढही, आणि तिच्या मौनाची किंमत पुढे दुसऱ्या उमेदवार मुलीला मोजावी लागते. या संमिश्र भावनेला लेखिकेने सोयीस्कर निवाडा दिला नाही, हे मला विशेष वाटते.

नेटफ्लिक्सवर 3 मे 2019 रोजी दहा भाग एकदम प्रसिद्ध झाले, समीक्षकांनी वाखाणले, आणि जुलै संपण्यापूर्वीच बरखास्तीचा हुकूम सुटला. जुन्या काळी संस्थानिकाची मर्जी खप्पा झाली तर निदान दिवाणाकडे अर्ज करता येई. येथे प्रेक्षकसंख्येच्या हिशेबापुढे स्तुतीची मातब्बरी ती काय! ‘ॲडल्ट स्विम’ या वाहिनीने 2020 साली मालिकेला आश्रय दिला, आणि 2021 व 2022 साली प्रत्येकी दहा भाग निघाले. नोव्हेंबर 2022 मध्ये तेथूनही तिची सनद रद्द झाली. एकूण भाग तीस.

हॅनावॉल्ट स्वस्थ बसल्या नाहीत. बॉब-वॅक्सबर्ग यांच्या ‘लाँग स्टोरी शॉर्ट’ या 2025 सालच्या मालिकेत पात्ररचना पुन्हा त्यांच्याकडेच आली. मालिका त्याच नेटफ्लिक्सची, पात्रे मात्र या खेपेस माणसांची.