पंचनाम्यात न येणारे नुकसान

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, दिवेआगर परिसरातील नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. झाडांचे पंचनामे झाले. खचलेल्या मनांची नोंद कोणत्याही रकान्यात नव्हती. नवे झाड फळावर येण्यास काही वर्षे जातात. तोवर कर्जाचे हप्ते थांबत नाहीत आणि पुढच्या पावसाळ्यात वारा वाढला की झोप उडते.

इष्टवियोगातून उद्भवणारे आर्तध्यान आपल्या शास्त्रकारांनी जाणले होते. मात्र ही अवस्था आठवडेच्या आठवडे टिकून अन्न, निद्रा व कामातील रस नाहीसा करू लागली, तर केवळ उपदेश पुरत नाही, उपचार हवेत. किनाऱ्यावरील गावांतून मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात अख्खा दिवस मोडतो. शिवाय ‘लोक काय म्हणतील’ हे अंतर त्याहून मोठे.

१० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विमासंरक्षण देणे कंपन्यांवर बंधनकारक केले आहे. ही माहिती वाडीवाडीत पोहोचणे आवश्यक आहे.

औषधदान ही आपली जुनी परंपरा. किनाऱ्यावरील पुढील आरोग्य शिबिरात नेत्रतपासणीच्या शेजारी मानसोपचारतज्ज्ञाचीही एक खुर्ची मांडली, तर त्या दानाचा अर्थ अधिक व्यापक होईल.