समुद्रातील पवनचक्क्यांची जागा कशी ठरते?

समुद्रावर वारा सर्वत्र वाहतो. मग पवनचक्क्या हव्या तेथे का उभारीत नाहीत, हा प्रश्न वर्गातील चौकस मूल हमखास विचारते. ‘जेथे वारा जास्त, तेथे’ एवढ्या उत्तराने त्याचे समाधान होऊ नये.

वाऱ्याला अग्रस्थान आहे, हे खरे. डोंगर, झाडे व घरे यांचा अडथळा नसल्यामुळे समुद्रावरील वारा अधिक वेगवान व अधिक एकसारखा असतो. त्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ७ मीटर वेगाचा वारा ८ मीटरचा झाला, तर शक्ती जवळजवळ दीडपट होते! म्हणूनच येथे अदमास चालत नाही. गुजरातमध्ये खंभातच्या आखातात, पिपावावनजीक, प्रकाशकिरणांच्या साहाय्याने वारा मोजणारे यंत्र २०१७ साली बसविण्यात आले, ते याच कारणासाठी. पावसाळ्यातील वारा वर्षभराचा मानून भागत नाही.

परंतु खरी अडचण पाण्याखाली असते. जगातील पहिले सागरी पवनक्षेत्र डेन्मार्कने व्हिंडेबी येथे १९९१ साली उभारले. तेथील ११ पवनचक्क्या किनाऱ्यालगत, अवघ्या काही मीटर पाण्यात उभ्या होत्या. २०१७ साली त्या काढण्यात आल्या. किनाऱ्यापासून दूर म्हणजे खोल पाणी, अशी मुलांची, आणि पुष्कळदा मोठ्यांचीही, समजूत असते. उत्तर समुद्रातील डॉगर बँक हा उथळ प्रदेश तिला छेद देतो. हिमयुगात, समुद्राची पातळी खाली असताना, ही कोरडी जमीन होती. त्यामुळे इंग्लंडच्या किनाऱ्यापासून १३० किलोमीटरांहून दूर असूनही तेथे तळात खांब रोवता येतात. २०२३ साली तेथून पहिली वीज मिळाली. तळाचा प्रकारही पाहावा लागतो. मऊ चिखलात खांब फार खोल न्यावा लागतो, तर कठीण खडकात तो ठोकून जात नाही, भोक पाडावे लागते. पाणी साधारण ६० मीटरांहून खोल असल्यास तळावर उभारणी करणे फारसे परवडत नाही. तेथे स्कॉटलंडने २०१७ साली केले, तसे नांगरून ठेवलेले तरंगते बूड वापरतात.

वीज आणणारी केबल, जवळचे बंदर आणि वादळांचा इतिहास हेही हिशेबात येतात.

याखेरीज समुद्र रिकामा नसतो. जहाजांचे मार्ग ठरलेले असतात. कोळ्यांची जाळी पिढ्यान्‌पिढ्या ठराविक ठिकाणी पडतात. त्यांना नकाशा पुरा झाल्यावर विचारणे म्हणजे न विचारण्यासारखेच होय. पक्ष्यांचेही तसेच. टेम्स नदीच्या मुखाशी ‘लंडन ॲरे’ या क्षेत्रात १७५ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पुढील विस्तार मात्र २०१४ साली सोडून देण्यात आला. हिवाळ्यात तेथे येणाऱ्या तांबड्या गळ्याच्या पाणपक्ष्यांवर काय परिणाम होईल, याची पाहणी करण्यास काही वर्षे लागणार होती, आणि त्यानंतरही परवानगीची खात्री नव्हती. वारा तोच होता, उथळ पाणीही तेच होते.

वरच्या वर्गात हा विषय नकाशावर घ्यावा. किनाऱ्याचा आराखडा काढून मुलांनी त्यावर उथळ भाग, जहाजांचा मार्ग व मासेमारीच्या जागा निरनिराळ्या रंगांनी भराव्यात आणि कोरी राहिलेली जागा शोधावी. किनाऱ्यालगतच्या शाळांतील मुलांना मासेमारीच्या जागा घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून आणता येतील.