गळ्यावर वळ नसला तरी

नवऱ्याने गळा दाबला आणि बाई वाचली, तरी धोका टळलेला नसतो. मानेतल्या रक्तवाहिन्या दबल्या की काही सेकंदांत शुद्ध हरपते. अमेरिकेतल्या सॅन डिएगोत तपासलेल्या गळा दाबल्याच्या ३०० प्रकरणांपैकी निम्म्यांत बाहेरून काहीच दिसले नव्हते. बसलेला आवाज, गिळताना दुखणे, डोळ्यांत लाल ठिपके या खुणा बोलक्या. धमनीचे अस्तर फाटले असेल, तर पक्षाघात काही दिवसांनीही येतो. इंग्लंडमध्ये २०२२पासून गळा दाबणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत तसे वेगळे कलम नाही. म्हणून असे घडल्यास, उदाहरणार्थ भिवंडीतल्या कामतघरच्या बाईने तिथल्या इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात ‘मारहाण’ एवढ्यावर न थांबता गळा दाबल्याचेच नोंदवून घ्यावे. मदतीसाठी महिला हेल्पलाइन १८१ आहे.