माहितीचे तारण

कर्ज देणाऱ्याने तारण मागावे, ही रीत फार जुनी आहे. शेत, घर किंवा अंगावरचे सोने गहाण पडत असे आणि त्याची नोंद सावकाराच्या चोपडीत होत असे. मोबाइलवर काही मिनिटांत मिळणाऱ्या कर्जाला तारण लागत नाही, अशी जाहिरात केली जाते. ती सर्वस्वी खरी नाही. २०२० च्या टाळेबंदीत अनेकांचे रोजगार बुडाले आणि झटपट कर्ज देणाऱ्या ॲपांचा देशभर सुळसुळाट झाला. यांपैकी अनेक ॲप कर्जदाराच्या फोनमधील संपर्कयादी, छायाचित्रे व संदेश पाहण्याची परवानगी मागत. पैशांची निकड असलेला माणूस ती देऊन टाकी. हप्ता चुकला की यादीतील मामा, शेजारी, मुलांचे शिक्षक, कारखान्यातील मुकादम अशा कोणालाही वसुलीचे संदेश जात. काहींची छायाचित्रे विकृत करून पाठविण्यात आली. या छळाला कंटाळून कर्जदारांनी आत्महत्या केल्याच्या घटनाही घडल्या. तारण येथेही होतेच. ते होते कर्जदाराच्या अब्रूचे. शिवाय ज्यांची नावे त्या यादीत होती, त्यांनी ना कर्ज घेतले होते, ना परवानगी दिली होती.

वित्तीय संस्थेला ग्राहकाची काही माहिती लागतेच, हे मान्य केले पाहिजे. खाते कोणाचे आहे याची खातरजमा करणे बँकांना कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठी नाव, पत्ता, छायाचित्र आणि ओळखपत्र मागितले जाते. प्रश्न आहे तो गरजेपलीकडच्या माहितीचा. कर्ज फेडण्याची कुवत उत्पन्नावरून आणि पूर्वीच्या परतफेडीवरून कळते. मावशीचा दूरध्वनी क्रमांक जाणून ती कळत नाही.

खासगीपणा हा संविधानाने दिलेला मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मे २०२५ मध्ये त्यांना एकत्रित निर्देशांचे रूप दिले. त्यांनुसार कर्जाच्या ॲपने फोनमधील फायली, संपर्कयादी वा कॉलच्या नोंदी यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, ध्वनिग्राहक किंवा ठिकाण यांचा वापर ग्राहकाची ओळख पटविण्यापुरता, एकदाच आणि स्पष्ट संमतीने करता येतो. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात जमा व्हावी लागते. मात्र हे नियम पाळतात ते नोंदणीकृत बँका आणि वित्तसंस्था. परदेशातून चालणाऱ्या बेनामी ॲपला त्यांचे भय नसते. म्हणून ॲपच्या मागे कोणती बँक किंवा वित्तसंस्था आहे, हे आधी पाहावे. अशा ॲपांची सूची रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर जुलै २०२५ पासून पाहावयास मिळते.

यापुढचे पाऊल म्हणजे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अंमलात यावयाच्या आहेत. या कायद्याने ‘संमती’ या शब्दाला नेमका अर्थ दिला. संमती मुक्त, स्पष्ट आणि ठरावीक कामापुरती असली पाहिजे. कायद्यातच एक उदाहरण आहे. दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने सल्ल्यासाठी आणि संपर्कयादीसाठी अशी दोन्ही परवानगी मागितली व व्यक्तीने होकार दिला, तरी तो होकार सल्ल्यापुरताच धरला जाईल. कारण वैद्यकीय सल्ल्यासाठी संपर्कयादीची गरज नसते. कर्जाच्या बाबतीतही हेच तर्कशास्त्र लागू पडते.

याच कायद्यात भाषेचाही विचार आहे. कोणती माहिती कशासाठी घेतली जात आहे, याची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला द्यावयाचा आहे. मराठी या अनुसूचीत आहे. त्यामुळे सुरतेत किंवा हैदराबादेत राहणाऱ्या मराठी भाषकालाही ती आपल्या भाषेत मागता येईल. न समजलेल्या मजकुराखाली ‘मान्य’ हे बटण दाबणे, याला संमती म्हणणे कठीणच.

नित्याची सावधगिरी वेगळी. पैसे मिळविण्यासाठी यूपीआयचा पिन लागत नाही. तो मागणारा फसवीत आहे असे समजावे. आधारची प्रत देताना शेवटचे चार अंकच दाखविणारी आवृत्ती बहुतेक ठिकाणी पुरते. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वीच ती गोठविता येण्याची शक्यता अधिक असते.

फोनमधून ॲप काढून टाकले की दिलेली माहितीही नाहीशी झाली, असा अनेकांचा समज असतो. ती संस्थेच्या संगणकात तशीच राहते. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे आणि माहिती पुसून टाकण्याची मागणी करता यावी, अशी या अधिनियमात तरतूद आहे. अशी मागणी लेखी करून तिची प्रत जपून ठेवावी. बँकेला मात्र काही नोंदी खाते बंद झाल्यावरही पाच वर्षे सांभाळणे कायद्याने भाग असते. तेवढ्यापुरती ही मागणी मान्य होत नाही.