आजीची पावले आणि नगराची आखणी

मुळा नदीच्या उत्तर तीरावर वाकड हे गाव वसलेले आहे. म्हातोबा हे येथील ग्रामदैवत. पूर्वी हे गाव शेतीवर जगत असे. १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले. त्याच सुमारास शेजारच्या हिंजवडीस माहिती-तंत्रज्ञानाची मोठी वसाहत उभी राहू लागली आणि पाहता पाहता वाकडच्या शेतांच्या जागी उंच इमारती दिसू लागल्या. या इमारतींत प्रथम राहावयास आली ती बहुतेक तरुण मंडळी. परंतु तरुण माणसाचा संसार वाढू लागला, की गावाकडून त्याचे आईवडील येतात. कोणी साताऱ्याहून येते, कोणी लातूरहून, कोणी अमरावतीहून. जन्मभर अंगणात वावरलेली ही माणसे उतारवयात नवव्या मजल्यावर राहू लागतात.

जुन्या पिंपरी-चिंचवडची कथा थोडी निराळी आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी औषध कंपनी स्थापन झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि या पट्ट्यात एकामागून एक कारखाने निघाले. कामगारांना घरे हवी होती. म्हणून १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाची स्थापना झाली. त्या वर्षी जो कामगार वीस वर्षांचा होता, त्याने आज सत्तरी ओलांडली आहे. नकाशावर मात्र तो अजून वीस वर्षांचाच आहे! त्याला रोज जिना चढवेल, धावत जाऊन बस पकडता येईल, असे गृहीत धरूनच बहुतेक नगरे आखलेली असतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर शंभर माणसांमागे सुमारे दहा माणसे साठ किंवा त्याहून अधिक वयाची होती. हे प्रमाण पुढे वाढतच जाणार आहे.

काही लोक म्हणतात, “वृद्धांची सोय पाहणे हे पुण्याचे काम खरे, पण उद्योगनगरीने आधी उद्योगाचा विचार करावा.” मला हे म्हणणे पटत नाही. त्याचे कारण समजून घेण्यासाठी आपण वाकडमधील एक घर डोळ्यांसमोर आणू. आई व बाबा दोघेही हिंजवडीस कामाला जातात. धाकट्या नातवाला बालवाडीत पोचविणे व दुपारी घरी आणणे हे काम आजी करते. बालवाडी रस्त्याच्या पलीकडे आहे आणि रस्ता चोवीस मीटर रुंद आहे.

आता थोडे गणित करू. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, असे साधारणपणे धरून चौकातील दिव्यांचा वेळ ठरविण्याची रीत आहे. त्या हिशेबाने चोवीस मीटर ओलांडावयास वीस सेकंद पुरतात. परंतु आजीचे गुडघे दुखतात. ती सेकंदाला ०.८ मीटर चालते, असे समजा. तिला तीस सेकंद लागतील. वीस सेकंद संपले, म्हणजे तिने सोळाच मीटर अंतर कापलेले असते. उरलेले आठ मीटर तिला नातवाचा हात घट्ट धरून सुटलेल्या मोटारींपुढून जावे लागते. मुलांनो, तुमच्या घराजवळील चौकात पदपथावर उभे राहून हिरवा दिवा किती सेकंद टिकतो, हे एकदा मोजून पाहा.

यावर उपाय अवघड नाहीत. रस्त्याच्या मध्यभागी सुरक्षित थांबता येईल अशी रुंद जागा ठेवली, तर आजीला एका वेळी जेमतेम बारा मीटर चालावे लागेल व तेवढ्यास पंधरा सेकंद पुरतील. सिंगापूर येथे २००९ साली आणखी एक युक्ती योजण्यात आली. तेथे वृद्ध माणसाने आपले सवलतीचे कार्ड चौकातील खांबावरच्या यंत्रास लावले, की पादचाऱ्यांचा हिरवा दिवा काही सेकंद अधिक टिकतो.

रस्ता ओलांडला, तरी पुढे पदपथ आहेच. त्याची कड पंधरा सेंटिमीटर उंच असेल, तर चाकांच्या खुर्चीला चढता यावे म्हणून तेथे उतार लागतो. एकास बारा हे त्याचे प्रमाण असते. म्हणजे पंधरा सेंटिमीटर उंचीला एकशे ऐंशी सेंटिमीटर लांबीचा उतार. आपल्याकडील कित्येक पदपथ याहून पुष्कळच उंच असतात. शिवाय दर फाटकापाशी ते खाली उतरतात आणि पुन्हा वर चढतात. त्यामुळे वृद्ध माणसे खालून, वाहनांच्या कडेने चालणेच पसंत करतात. उरलेल्या पदपथावर दुचाकी उभ्या असतात, ते वेगळेच!

दमलेल्या माणसाला वाटेत बसावयास जागा लागते. आपल्या पूर्वजांना ही गोष्ट ठाऊक होती. गावातील वडाच्या किंवा पिंपळाच्या झाडाला पार बांधलेला असे. तेथे सावली मिळे, पाय खाली टेकून बसता येई, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी चार शब्द बोलता येत. महानगरपालिकेने ज्येष्ठ नागरिकांसाठी विरंगुळा केंद्रे बांधली आहेत. ती पाराचीच नवी रूपे होत. मात्र तेथवर पायी जाता आले पाहिजे. बाकाला हात असावेत, हेही महत्त्वाचे. हातांवर भार दिल्याशिवाय गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठता येत नाही.

आता पुन्हा त्या घराकडे वळू. एके दिवशी आजी चौकात पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले, असे समजा. काही महिने तिला अंथरुणावर काढावे लागतील. नातवाला कोण आणणार? आई रजा घेईल. रजा संपल्यावर कदाचित नोकरीच सोडील. आपल्या समाजात असा प्रसंग आला, की बहुधा बाईच नोकरी सोडते. घराचे एक वेतन बुडते आणि कंपनीला वर्षानुवर्षे शिकून तयार झालेले माणूस गमवावे लागते. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याचे रोजचे गिऱ्हाइकही तुटते. आजीच्या पगाराची नोंद कोणत्याच वहीत नसल्यामुळे तिच्या कामाची किंमत कोणी मांडत नाही, एवढेच. भोसरीच्या एखाद्या लहान कारखान्यात चाळीस वर्षे लेथ चालविलेल्या आजोबांकडून नवशिक्या मुलांना कितीतरी शिकता येईल. पण तेथवर त्यांना सुखाने पोचता आले पाहिजे.

जपानमधील तोयामा शहराने ट्रामच्या मार्गालगत वस्ती वाढविण्याचे धोरण स्वीकारले आणि पासष्ट वर्षांवरील नागरिकांना अवघ्या शंभर येनमध्ये शहराच्या मध्यभागी येण्याची सवलत दिली. आपल्याकडेही २०१५ साली सांगवी ते किवळे या रस्त्यावर बससाठी स्वतंत्र मार्गिका सुरू झाली. तेथील थांबे बसच्या तळाइतक्याच उंचीचे बांधण्यात आले. त्यामुळे पायरी चढावी लागत नाही. काठी टेकीत येणारे आजोबा जसे आत जातात, तसाच डोक्यावर बोजा घेतलेला हमालही जातो. चढण्या-उतरण्यास वेळ कमी लागतो. म्हणून बस थांब्यावर फार वेळ खोळंबत नाही. दर थांब्यावर दहा सेकंद वाचले आणि वाटेत वीस थांबे असले, तर एका फेरीत दोनशे सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहून अधिक वेळ वाचतो. हा वेळ बसमधील प्रत्येक कामगाराच्या पदरात पडतो.