रूपावांचून चित्र

चित्र म्हटलें कीं 'हें कशाचें?' असा प्रश्न आपल्या तोंडीं प्रथम येतो. रविवर्म्याच्या लक्ष्मीपुढें किंवा सरस्वतीपुढें तो पडत नाहीं. परंतु ज्या चित्रांत मनुष्य नाहीं, वृक्ष नाहीं, ओळखूं येईल अशी एकही वस्तु नाहीं, त्यापुढें सुशिक्षित गृहस्थही गोंधळतो आणि गोंधळ लपविण्यासाठीं हंसतो. प्रस्तुत लेखक अशा हंसणारांपैकींच होता. त्या हंसण्याचें अल्पसें प्रायश्चित्त म्हणून वासुदेव गायतोंडे या चित्रकाराचा परिचय करून देण्याचें योजिलें आहे.

गायतोंडे हे गोमंतकीय घराण्यांतले. जन्म नागपुरास १९२४ सालीं झाला. लहानपण मुंबईंत गिरगांवांत गेलें. सर जे. जे. कलाशाळेची पदविका त्यांनीं १९४८ सालीं घेतली आणि १९५० मध्यें सूझा, रझा, हुसेन प्रभृति तरुणांच्या 'प्रोग्रेसिव्ह' मंडळांत त्यांस बोलावणें आलें. परंतु मंडळांत रमावें असा त्यांचा पिंड नव्हता. आरंभीं ते माणसें काढीत. भारतीय लघुचित्रांतील रेषा व रंग यांचा त्यांचा अभ्यास होता. पुढें पॉल क्ले याच्या चित्रांचा प्रभाव पडला, आकृति विरळ होत गेल्या आणि त्या दशकाच्या अखेरीस अजिबात लोपल्या. १९६४ सालीं रॉकफेलर निधीची शिष्यवृत्ति मिळून ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ सालीं पद्मश्री झाले. १९७२ च्या सुमारास दिल्लीस जाऊन निजामुद्दीन भागांतील एका लहानशा बिऱ्हाडांत एकटे राहूं लागले. लग्न केलें नाहीं. झेन पंथाचें वाचन आणि मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांचे विचार, हीच काय ती त्यांची संगत.

काम करण्याची त्यांची रीत ऐकण्यासारखी आहे. कोऱ्या कॅनव्हासपुढें ते दीर्घकाळ नुसते बसून राहत. मग रंगाचा थर रुळानें पसरावयाचा, सुरीनें खरवडावयाचा, कागदाचे फाटके तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलावयाचे, पुन्हा थर द्यावयाचा. वर्षाकांठीं पांचसहा चित्रें पुरीं झालीं तरी पुष्कळ! १९८४ सालीं अपघात झाला आणि कित्येक वर्षें त्यांचा कुंचला थांबला. तो पुन्हा उचलल्यावर २००१ सालीं त्यांचा अंत झाला. मरणोत्तर १२ वर्षांनीं मुंबईच्या लिलांवांत त्यांच्या एका चित्रास २३ कोटींहून अधिक रुपये आले. पण किंमत हें चित्र पाहण्याचें कारण नव्हे.

कोणी म्हणेल, आपल्या शास्त्रांत अशा चित्रास आधार काय? यशोधरानें कामसूत्राच्या टीकेंत चित्राचीं सहा अंगें सांगितलीं आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. गायतोंडे यांनीं यांपैकीं रूपभेद व सादृश्य सोडून दिलें, हें खरें. पण प्रमाण, भाव, लावण्य आणि रंगांची योजना हीं चार अंगें उरतातच. किंबहुना त्यांचाच सारा भार चित्रावर पडतो. सगुणाची उपासना सोपी आणि निर्गुणाची कठीण, हें आपण देवघरांत मान्य करतों. मग चित्रशाळेंतच तें अमान्य कां करावें?

ही वाट एकट्या भारतांतलीही नव्हे. स्वीडनमधील हिल्मा आफ क्लिंट या बाईंनीं १९०६ पासूनच वस्तुरूपाचें बंधन नसलेलीं चित्रें काढण्यास प्रारंभ केला होता. १९४४ सालीं त्या वारल्या. आपलीं चित्रें मृत्यूनंतर २० वर्षें लोकांस दाखवूं नयेत, अशी त्यांची इच्छा होती. न्यूयॉर्कच्या ज्या गुगेनहाइम संग्रहालयांत २०१४ सालीं गायतोंडे यांचें प्रदर्शन भरलें, तेथेंच चार वर्षांनीं या बाईंचेंही भरलें. दोघांनाही प्रेक्षक फार उशिरां लाभला.

आतां प्रायश्चित्ताचें कारण सांगतों. बऱ्याच वर्षांपूर्वीं मी इंदापूर तालुक्यांत शिक्षक असतांना वर्गास 'नदीकांठचें दृश्य' काढावयास सांगितलें. सर्वांनीं दोन डोंगर, मध्यें सूर्य आणि एक होडी काढली. उजनीच्या पाण्यावर मासे धरणाऱ्या एका कोळ्याच्या मुलानें मात्र सारा कागद राखी रंगानें भरला होता. मध्यभागीं तो किंचित् उजळ होता. "होडी कोठें आहे रे?" मीं विचारलें. "गुरुजी, पहांटे धुकें असतंय, होडी दिसत न्हाई." वर्ग हंसला, मीही हंसलों आणि शून्य गुण दिले. पुढच्या खेपेस त्यानें निमूटपणें दोन डोंगर व सूर्य काढला. मीं त्यास चांगले गुण दिले!

निवृत्तीनंतर दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयांत गायतोंडे यांच्या एका चित्रापुढें उभा होतों, तेव्हां तो राखी कागद एकाएकीं आठवला. परत आल्यावर गेल्या पौषांत बारामतीहून मुद्दाम पहांटे निघून उजनीच्या पाण्यावर गेलों. पाणी कोठें संपतें व आकाश कोठें सुरू होतें, हें कळत नव्हतें. पांढऱ्यांत कोठेंतरी वल्ह्याचा आवाज येत होता. होडी दिसत नव्हती. मुलानें पाहिलेलें काढलें होतें. न पाहतां गुण देणारा मीच होतों.

आपल्या घरांतील मूल असा एखादा कागद घेऊन आलें, तर 'हें कशाचें?' असें विचारण्यापूर्वीं वाचकांनीं क्षणभर तें चित्र पाहावें, एवढीच विनंति.